पक्ष्यांच्या खोलीसाठी एअर प्युरिफायर घेतला, आठ महिने वापरून लिहितोय

आधी हिशोब सांगतो मग बाकीचं. मशीन ऑनलाईन ११,५०० ला पडलं, मार्चमध्ये घेतलं, आता नोव्हेंबर संपत आला, मधी एकदा फिल्टर बदलला त्याचे २,७०० वेगळे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण चांगलं लिहिलं की लोक म्हणतात जाहिरात करायलाय आणि वाईट लिहिलं की कंपनीवाले फोन करतात. तसंही या किंमतीत जी मशिनं येतात ती आतून सगळी एकाच घाटाची, पुढं जाळी मग हेपा (बारीक धूळ धरणारा दाट फिल्टर) मग कोळशाचा पातळ फिल्टर आणि मागं पंखा.

घर आमचं सांगलीत गावभागात, जुनं, खालच्या मजल्यावर. पक्ष्यांची खोली १० बाय १२, हॉलला लागूनच. त्यात दोन कॉकटेल आणि चार बजी. कॉकटेल म्हणलं की मित्र वेगळंच समजतात, तो तुरेवाला पक्षी असतो गालावर नारिंगी ठिपका, तो. नर शिट्टी मारायला लागला की थांबत नाही म्हणून त्याचं नाव बुवा आणि मादी त्याच्या मागं मागं सूर धरते म्हणून ती पेटी. बजी म्हणजे ज्यांना आपल्याकडं सगळे लव्हबर्ड म्हणतात ते. (शेजारचे काका परवा परत म्हणाले, एवढं पैसे घालवून हे कशाला, आपला हिरवा पोपट का नाय पाळला वो. काका, तो १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतो, घरात ठेवला तर केस होते, तुम्हाला तिसऱ्यांदा सांगतोय.)

तर वास. वास होता आणि लय होता. आम्हाला रोजचं असल्यानं कळत नव्हतं, बाहेरनं आलेला माणूस मात्र चप्पल काढतानाच नाक उडवायचा. आणि याच्यामुळंच फेब्रुवारीत जे झालं ते झालं.

धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते, इस्लामपूरकडचे. आईनं सकाळी फर्मान काढलं, आज घरात पाखरांचा वास आला नाही पाहिजे. मग काय, मी फिनाईल टाकून पक्ष्यांची खोली पुसली, बायकोनं हॉलमधी रूम फ्रेशनरचा फवारा मारला, तोच फवारा वाऱ्यासोबत आत, आणि वर आईनं धुपाटणं घेऊन अख्ख्या घरात धूर फिरवला, त्यात कापराच्या दोन वड्या. घराला असा वास यायला लागला की देऊळ, दवाखाना आणि लग्नाचा हॉल एकाच ठिकाणी. पाहुणे आले, पोहे झाले, चहा आला, आणि बुवाची शिट्टी बंद आहे हे पहिल्यांदा बहिणीच्याच लक्षात आलं. ती साडीतच उठून आत गेली. बुवा काठीवर नव्हता, खाली ट्रेच्या जाळीवर बसलेला, चोच उघडी, अंग फुगवलेलं, आणि प्रत्येक श्वासाला शेपूट वर खाली, वर खाली, पंपाच्या दांड्यासारखं. हॉलमधनं पाहुण्यातले एकजण विचारतात, पाखरू आजारी हाय का वो? बहीण बुवाचा छोटा पिंजरा घेऊन मागच्या दारानं अंगणात आणि तिथनं माझ्यामागं गाडीवर बसून मिरजेला. पाहुणे काय म्हणाले ते विचारू नका. तिचं लग्न ठरलं, पण दुसरीकडं.

डॉक्टरांनी बुवाला तासभर ऑक्सिजनवर ठेवला. वाचला. घरी काय काय केलं ते मी सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले ज्याला वास आहे ती वस्तू पक्ष्याच्या खोलीत न्यायची नाही, मग तो वास चांगला असो नायतर वाईट. कारण त्यांनी सांगितलं तेही लिहितो कारण मला आधी खरंच माहीत नव्हतं. आपण श्वास घेतो तो फुफ्फुसात जातो आणि त्याच वाटेनं परत येतो. पक्ष्याच्या अंगात फुफ्फुसांशिवाय हवेच्या पिशव्या असतात, बहुतेक पक्ष्यांत नऊ, आणि त्यांच्यामुळं हवा फुफ्फुसातनं एकाच दिशेनं वाहत राहते, श्वास घेतानाही आणि सोडतानाही. उडायला भरपूर ऑक्सिजन लागतो म्हणून ही सोय, पण त्याच सोयीनं विषारी धूरही आपल्यापेक्षा जास्त आणि लवकर भिनतो. त्यात बजीचं वजन ३०-४० ग्रॅम, म्हणजे लिंबाएवढं. इंग्लंडात कोळशाच्या खाणीत विषारी वायू कळावा म्हणून कॅनरी पक्षी न्यायचे ते याचसाठी, आणि ते १९८६ पर्यंत चालू होतं.

तिथनं आल्यावर घरातनं काय काय गेलं बघा. फ्रेशनर, ते प्लगला लावायचं सेंटचं यंत्र, डांबरगोळ्या, मच्छर अगरबत्ती आणि लिक्विडपण, सेंटेड मेणबत्त्या (बायकोच्या वाढदिवसाच्या, त्यावर भांडण झालं). डासांसाठी आता संध्याकाळी पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाकतो, ८ गुणिले ६ ची डबल बेडची, दोन्ही पिंजरे आत बसतात. आईचा धूप अंगणात तुळशीपाशी गेला. आई पहिले आठ दिवस बोलत नव्हती, नंतर स्वतःच आल्यागेल्याला सांगायला लागली की आमच्यात घरात धूप लावत नाहीत, बुवाला चालत नाही. ऐकणाऱ्याला वाटायचं घरात कोण बुवा महाराज उतरलेत.

आणि नॉनस्टिक तवा. हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी नीट वाचा. नॉनस्टिकचा थर साधारण २६० ते २८० डिग्रीच्या पुढं तापला की त्यातनं जो वायू निघतो त्याला आपल्याला वासपण येत नाही आणि शेजारच्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत मरतो. रिकामा तवा मोठ्या गॅसवर ठेवून फोन घ्यायला गेलं की तेवढं तापायला चार पाच मिनिटं पुष्कळ झाली. आम्ही बिडाचा तवा आणि लोखंडी कढईवर आलो. डोसा पहिले दोन महिने चिकटत होता, आता सुटतो.

हे सगळं काढलं तर वास आणखीच उघडा पडला, कारण झाकायला काही उरलं नाही. मग मशीन.

मशीनची निवड करताना एवढंच बघितलं. खोली १० बाय १२ आणि उंची १० म्हणजे १,२०० घनफूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. तासात पाच वेळा तरी खोलीची हवा त्यातनं फिरली पाहिजे म्हणजे १७० घनमीटर. खोक्यावर सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती घनमीटर साफ हवा देतं तो आकडा, लिहिलेला असतो तो याच्यापेक्षा बराच जास्त पाहिजे कारण तो आकडा फुल स्पीडचा असतो आणि फुल स्पीडवर ते गिरणीसारखं वाजतं, रात्री कोण लावणार. आमच्याचा २५० च्या वर आहे. मधल्या स्पीडला ठीक.

आता ज्यासाठी घेतलं ते. पहिले दोन दिवस वाटलं वास गेला. तिसऱ्या दिवशी मावशी आली आणि दारातच म्हणाली, अजून पाखरं हायत व्हय? मी आत जाऊन मशीनकडं बघतोय तर हिरवा दिवा, आकडा ११, म्हणजे हवा एकदम महाबळेश्वर. तेव्हा डोक्यात उजेड पडला की हा आकडा धुळीचा आहे. पीएम २.५, म्हणजे हवेतले एकदम बारीक कण. वासाचा नाही. मशीनला नाकच नाही हो. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के धरतो हे खरं आहे, पण वास म्हणजे वायू, तो हेपातनं आरामात पलीकडं जातो. वासासाठी मागं कोळसा असतो, ॲक्टिव्हेटेड कार्बन, आणि आमच्या मशीनमधी तो कोळसा किती, तर स्पंजच्या पातळ पत्र्यावर काळी पूड भुरभुरवल्यासारखा. घेताना फोटोत हे कळत नाही. ज्यांना वासासाठीच मशीन पाहिजे त्यांनी फिल्टरमधी कोळशाचे दाणे आहेत का आणि वजन किती ते विचारा, नुसता पातळ पत्रा असेल तर तो दोन तीन महिन्यांत भरतो. आमचा जूनमधी भरला. आणि पावसाळ्यात हवेत बाष्प एवढं की कोळसा वासाच्या आधी पाणीच धरून बसतो. जुलैत तर मशीनमधनंच ओल्या पोत्याचा वास यायला लागला.

पण त्या हिरव्या दिव्यानं एक चांगलं केलं, मला राग आला. रविवारी सगळे पक्षी पिंजऱ्यांसकट माडीवर ठेवले, खोलीत फक्त मी. तरी वास आहेच. पक्षी नाहीत, पिंजरा नाही, तरी वास. म्हणजे वास पक्ष्यांचा नाहीच.

मग एक प्रयोग केला, बायको म्हणाली वेड लागलंय. ट्रेमधला शीट पडलेला पेपर घेतला, दोन तुकडे केले, एक उन्हात टाकला आणि एकावर थोडं पाणी शिंपडून जुन्या श्रीखंडाच्या डब्यात झाकण लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी उन्हातला हुंगला, काही नाही, कागदाचाच वास. डबा उघडला आणि डोळ्यात पाणी आलं. अमोनिया. पक्ष्यांच्या शिटेतला पांढरा भाग युरिक ॲसिडचा असतो, तो कोरडा असेपर्यंत गप्प असतो, ओल मिळाली की जंतू त्याचा अमोनिया करतात. म्हणजे आपण जे धू धू धुवायचो आणि ओलंच परत लावायचो त्यानंच वास वाढत होता. फिनाईलनं पुसून पंखा न लावता दार बंद, वा.

मग गुडघ्यावर बसून अख्खी खोली हुंगली. खरंच हुंगली. ट्रेची कड आत मुडपलेली असते त्या खोबणीत काळा चिखल, पाण्याच्या वाटीतलं पाणी सांडून तिथं महिनोन् महिने साचत असणार, टूथब्रश घातला तर काकवीसारखं बाहेर आलं. दुकानातनं आणलेल्या मऊ लाकडाच्या दोन काठ्या आतपर्यंत भिजलेल्या. बजीला झोपायला घेतलेलं फरचं घरटं, ते तर पिळलं असतं तर पाणी निघालं असतं. दिवाणाखाली उडालेलं राळं आणि बाजरी, ओल लागून आंबलेली, त्यात किडे.

पण खरा चोर भिंत. पिंजऱ्यामागं भिंतीवर शीट उडते म्हणून मी दोन वर्षांपूर्वी सनमायका मारलेलं प्लाय खिळ्यांनी ठोकलं होतं, पुसायला सोपं जावं म्हणून. लय हुशारी वाटली होती तेव्हा. ते काढलं आणि मागं अख्खी भिंत काळी, बुरशी, हात लावला तर पोपडा हातात. आमच्या घरात २०१९ च्या पुराचं पाणी चार दिवस होतं, आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती तेव्हाची गोष्ट, आणि त्यानंतर ही भिंत कधी पूर्ण वाळलीच नाही. तिला श्वास घ्यायला जी जागा होती ती मी प्लायनं बंद केली. आम्ही ज्याला पाखरांचा वास म्हणत होतो त्यातला अर्धा कृष्णामाईचा होता. आणि बुरशी नुसती वासाची गोष्ट नाही, ॲस्परजिलस नावाची बुरशी पक्ष्यांच्या फुफ्फुसात आणि त्या हवेच्या पिशव्यांत वाढते आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

भिंत खरवडली, गिलावा पाडून परत केला, पक्षी बारा दिवस विश्रामबागला मेव्हण्याकडं ठेवले कारण रंगाचा वासपण चालत नाही. आता तिथं प्लाय नाही. भिंतीपासून पिंजरा दीड फूट पुढं ओढलाय आणि मधी जुनी चादर टांगतो, दोन दिवसांनी धुतो.

तर आता वास नाही, आणि त्याचं श्रेय मशीनला देऊ का नको हा प्रश्न आहे. माझ्या मते वासाच्या बाबतीत सगळ्यात जास्त काम १,४०० रुपयांच्या एक्झॉस्ट पंख्यानं केलं. मे महिन्यात वायरमनकडनं खिडकीत बसवला, बाहेरनं बारीक जाळी, मांजर आणि डास दोन्हीसाठी. फक्त त्यात एक गाढवपणा झाला. पहिल्या दिवशी एक्झॉस्ट लावला आणि दहा मिनिटांत खोलीत मिरचीच्या फोडणीचा खकाणा, बजी शिंकायला लागले. एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतो म्हणजे तेवढी हवा कुठनं तरी आत येणार, आणि आमच्यात ती बोळातनं थेट स्वयंपाकघरातनं येत होती. म्हणजे मी पैसे देऊन फोडणी ओढून घेत होतो. आता आतलं दार बंद, दाराखाली पायपुसणं, आणि समोरची अंगणाकडची खिडकी चार बोटं उघडी. हवा अंगणातनं येते. कुणी एक्झॉस्ट बसवणार असेल तर आधी एक हलका कागद दाराच्या फटीत धरून बघा तो कुठल्या बाजूला उडतोय.

साफसफाईचं. ट्रेमधी साधा पेपर, तीन चार घड्या एकावर एक, सकाळी वरची काढायची संध्याकाळी दुसरी. दुकानदारानं मला मक्याच्या कणसाचा भुसा दिला होता, सेंटेड, ‘वास शोषून घेतो’ म्हणून. तो ओल धरून बसतो आणि खालनं बुरशी येते, वरनं दिसतपण नाही. पेपरवर शीट दिसते, पातळ आहे का हिरवी आहे का ते कळतं, पक्षी आजारी पडतोय हे पहिल्यांदा तिथंच कळतं. त्याच दुकानातनं एक ‘बर्ड सेफ’ फवारापण घेतला होता साडेतीनशेचा, बाटलीवर आत काय आहे ते एक अक्षर नाही, नुसता पोपटाचा फोटो. तो तसाच पडलाय.

मी पांढरं व्हिनेगर वापरतो, किराणा दुकानात मिळतं, निम्मं पाणी निम्मं व्हिनेगर. चिकटलेल्या डागावर आधी गरम पाण्याचा बोळा दहा मिनिटं ठेवायचा, निम्मं काम तिथंच होतं, मग व्हिनेगर, मग साधं पाणी, मग ऊन. ऊन महत्त्वाचं. पक्षी तोपर्यंत दुसऱ्या खोलीत. महिन्यातनं एकदा ट्रे ब्लीचच्या पाण्यात घालतो, एक भाग ब्लीच दहा भाग पाणी, ते अंगणात, आणि वास पूर्ण जाईपर्यंत धुऊन वाळवून मगच आत. ब्लीच आणि व्हिनेगर एकाच दिवशी हातात घेत नाही कारण दोन्ही मिसळलं तर क्लोरीन वायू होतो, पक्षी सोडा आपणच आडवे होऊ. काठ्या आता पेरूच्या फांद्यांच्या, परसातल्या, महिन्याला नवीन, फुकट. भिजवलेली मटकी आणि काकडी सकाळी दिली तर दोन तासांनी वाटी बाहेर, त्याचा आंबूस वास शिटेपेक्षा लवकर येतो.

बांबूच्या कोळशाच्या पिशव्याही आणल्या होत्या, चार पिशव्या सहाशेला. राळ्याच्या डब्याच्या कपाटात ठेवल्यात, तिथं बरं वाटतं. खोलीसाठी म्हणाल तर समुद्रात हिंग.

मग मशीन काय करतं? धूळ. आणि ते लय भारी करतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. कॉकटेलच्या अंगावर एक पांढरी पावडर असते, पिसं साफ ठेवायला अंगातच तयार होते. बुवा सकाळी अंग झटकतो तेव्हा खिडकीतल्या उन्हात पिठाच्या गिरणीसारखा ढग दिसतो. मी एकदा मुद्दाम मशीनसमोर बसून बघितलं, आकडा १८, बुवानं तुरा वर केला, अंग फुलवलं, फर्रर्र केलं, सात आठ सेकंदांत आकडा १४३, लाल दिवा, पंखा सुसाट. पाच मिनिटांत परत २०. पोरगी आता याचा खेळ करते, आज बुवाचा स्कोअर किती. आधी टीव्हीवर दोन दिवसात बोटानं नाव लिहिता यायचं, आता आठवड्यानं पुसला तरी चालतो. आईला सकाळी उठल्या उठल्या ढास लागायची ती पुष्कळ कमी आहे. आमच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की पक्ष्यांच्या पावडरीनं आणि वाळक्या शिटेच्या धुळीनं काहींच्या फुफ्फुसाला ॲलर्जीची सूज येते, त्यामुळं खोकला टिकून राहिला तर घरात पक्षी आहेत हे डॉक्टरला सांगायचंच. पिंजरा घासताना मी एन ९५ मास्क लावतो आणि वाळलेल्या शिटेवर आधी पाण्याचा फवारा, कोरडी खरवडायची नाही.

पुढची जाळी दर रविवारी काढून अंगणात झटकायला लागते, आठ दिवसात त्यावर पांढरी गोधडी होते. कंपनी म्हणते फिल्टर वर्षभर जातो. पक्षी असलेल्या घरात सहा महिने धरा, आमचा सप्टेंबरला राखाडी झाला. धुऊन बघू नका, हेपा धुतला की गेला. लाईटबिल म्हणाल तर दिवसरात्र चालवून रोजचं एक युनिट धरा.

ठेवायची जागा पण सांगतो. आधी पिंजऱ्याच्या खाली ठेवलं होतं, राळ्याची टरफलं आणि पिसं ओढून आतनं खडखड. आता चार फुटांवर, आणि वाऱ्याचा झोत पक्ष्यांवर नाही. वरच्या दिव्यावर इन्सुलेशन टेप मारलाय, पक्ष्यांना दहा बारा तास अंधार लागतो, हा दिवा रात्रभर मंडपासारखा. पहिले दोन दिवस बजी मशीनच्या आवाजाला बिचकून एका कोपऱ्यात होते, नंतर काही नाही. पेटी तर आता त्याच्या घरघरीचा आवाज काढते. हुबेहूब.

आता सगळ्यात मोठी तक्रार आणि याच्यासाठीच एक स्टार कापतोय. मशीनला ‘आयन’ म्हणून एक बटण आहे, ते दाबलं की मशीन हवेत विजेचा भार असलेले कण सोडतं. दुकानदार हेच मिरवून सांगतात, ताजी हवा, जंगलातली हवा. आयन सोडणाऱ्या मशिनांतनं थोडाफार ओझोन निघू शकतो आणि ओझोन पक्ष्याच्या फुफ्फुसाला वाईट. जी मशिनं वास मारायला मुद्दाम ओझोन सोडतात ती तर पक्षी असलेल्या घरात आणायचीच नाहीत. आमच्याचा आयन बंद करता येतो म्हणून घेतलं. पण लाईट गेली आणि परत आली की मशीन आपोआप चालू होतं आणि आयन पण चालूच. स्पीड लक्षात ठेवतं, आयन बंद केलेलं लक्षात ठेवत नाही. कस्टमर केअरच्या पोरीला तीनदा समजावलं, ती म्हणाली सर आयन तो अच्छा होता है. शेवटी मशीन एका वेगळ्या स्विचवर घेतलंय आणि लाईट गेली की तो स्विच बंद करायचा असा घरात नियम. पावसाळ्यात वादळवाऱ्यात दिवसातनं पाच वेळा लाईट गेली तर पाच वेळा. बाहेरगावी गेलं तर सरळ बंद करूनच जायचं, मग त्या दोन दिवसात काय उपयोग.

दिवाळीत मात्र या मशीननं पैसे वसूल केले हे मान्य करावं लागेल. गल्लीत चार दिवस संध्याकाळी सात ते अकरा नुसता धूर, एक्झॉस्ट बंद, खिडकी बंद, फटीत ओला टॉवेल आणि मशीन फुल. बाहेर दिसत नव्हतं आणि आत आकडा ४० च्या आसपास. आता गळीत हंगाम सुरू झालाय, रात्री कुठंतरी पाचट पेटवतात आणि सकाळी अंगणात काळी राख, चुलीतल्या जळमटासारखी. वारा गावाकडं असला की परत तोच कार्यक्रम. सांगलीकर असाल तर कळेल.

तर वासासाठी ५ पैकी २, धुळीधुरासाठी साडेचार, त्या आयनच्या बटणासाठी शून्य, तुमचं तुम्ही सरासरी काढा. खिशात दीड हजारच असतील तर एक्झॉस्ट बसवा, टूथब्रश आणि व्हिनेगर घ्या आणि पिंजरा भिंतीपासून ओढून मागं बघा. मशीन त्यानंतरची गोष्ट. घरात कॉकटेल असेल तर बजेट जमेल तेव्हा घ्याच, नुसते बजी असतील तर मला तरी एवढी गरज वाटत नाही.

परवा मावशी परत आली होती. चप्पल काढली, आत आली, चहा झाला, अर्धा तास बसली आणि विचारते पाखरं दिली व्हय कुणाला. तेवढ्यात आतनं बुवानं शिट्टी मारली.

कुणाला फिल्टरचा नंबर पाहिजे असेल तर विचारा, रात्री बघून सांगतो, आत्ता लाईट गेलीय आणि पोरगी स्विच स्विच म्हणून ओरडायलीय.